बारा पेरं, सात अक्षरं

भुजंग मास्तरांना कुणी वाटेत थांबवून विचारलं, "काय मास्तर, बरं हाय का?" तर ते सरळ "बरं आहे" म्हणत नसत. आधी आभाळाकडं बघत, मग एखादी उपमा शोधत, आणि ती सापडेपर्यंत विचारणारा चार पावलं पुढं निघून गेलेला असे. अठरा वर्षं लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवून त्यांच्या जिभेला हे वळण पडलं होतं. लातूरला पोरं येतात ती डॉक्टर व्हायला. तिथं मराठी म्हणजे ताटातलं लोणचं. पण या लोणच्याचं मास्तरांना भारी अप्रूप. वृत्त आणि अलंकार यांवर बोलायला लागले की घंटा झालेली त्यांना कळत नसे, आणि पोरं उठून गेलेलीही कळत नसत.

वृत्त शिकवायची त्यांची स्वतःची रीत होती. आखूड उच्चाराचं अक्षर लघू, लांब उच्चाराचं गुरू, आणि अशा तीन अक्षरांचा एक गण, एवढं फळ्यावर लिहून झालं की ते खडू खाली ठेवत आणि उजवा पंजा वर करत. अंगठा सोडला तर चार बोटं, एकेका बोटाला तीन पेरं. म्हणजे एक बोट हाच एक गण. आपली मंगलाष्टकं ज्या वृत्तात म्हणतात त्या शार्दूलविक्रीडिताची ओळ एकोणीस अक्षरांची. अंगठा पेरांवरून फिरवत गेलं की उजव्या हाताच्या बारा पेरांवर बारा अक्षरं संपतात. तिथं श्वास घ्यायचा. त्या थांब्याला यती म्हणतात. उरलेली सात डाव्या हातावर. "देवानं दोन हात दिले ते छंद मोजायला," असं मास्तर म्हणत, आणि मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसत असे.

शार्दूल म्हणजे वाघ. वाघाच्या या वृत्तात ते लोह्यापासून लातुरापर्यंत कुणाकुणाच्या लग्नाची मंगलाष्टकं रचून देत, आणि घरी दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला मात्र "पाणी जास्त होतंय" एवढं म्हणायची त्यांची छाती नव्हती.

ही बोटांची रीत मनापासून शिकली ती एकच पोर, त्यांची भाची ऋतुजा. लोह्याजवळच्या गावात दिलेल्या तारामतीआक्काची ती मुलगी. अकरावी-बारावीला ती मामाच्या घरी लातूरला राहिली आणि त्यांच्याच वर्गात बसली. पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी मामीच्या हाताखाली भाकरी थापता थापता ती पिठाच्या हातानं धावत बाहेर आली होती.

"मामा, मी मधल्या बोटावर बसते!"

"काय गं?"

"बघा ना. ऋ लघू, तु लघू, जा गुरू. शार्दूलात दुसऱ्या बोटाचा गण अगदी असाच हाय. आणि करंगळीचा बी तसाच. माझं नाव दोन जागी बसतंय, मामा, कुठं ओढाताण करायची गरज न्हाई!"

मास्तरांनी अंगठा फिरवून पाहिलं. खरंच बसत होतं. अठरा वर्षांत एवढा आनंद त्यांना कुठल्या विद्यार्थ्यानं दिला नव्हता. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं की ही पोर मराठी घेऊन शिकेल, आपण अडलो त्याच्या पुढं जाईल, आणि आपण तिच्या पाठीशी उभे राहू. ठरवायला काय लागतं?

बारावीची परीक्षा संपून आठ दिवस झाले नाहीत तोच अर्धापूरकडचं स्थळ चालून आलं. मुलगा शिवम, घरची केळीची बाग, पाणी मुबलक, दारात ट्रॅक्टर, माणसंही गोड. नावं ठेवायला जागा नव्हती आणि हीच अडचण होती. ऋतुजाचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "मामा, मला बी.ए. करायचंय. दादांना तुमीच सांगा. तुमचं ऐकतेत ते."

मास्तर लोह्याची गाडी धरून गेले. मेहुणे, म्हणजे ऋतुजाचे वडील दगडोबा, शेतातून आले होते, पाय धूत होते. मास्तरांनी घसा खाकरला आणि ज्ञान म्हणजे दिवा असतो, एका दिव्यानं दुसरा लागतो, अशी सुरुवात केली. दगडोबांनी पाय पुसत शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना बोलताना अलंकार लागत नसत.

"मास्तर, तुमी एम.ए. झाले. बी.एड. झाले. ती कोणती सेट का काय म्हणतेत ती बी झाले. आणि अजून तासावर जाऊन राहिले. शिकून काय होतंय हे माझ्या डोळ्यासमोर हाय की."

यावर उत्तर होतं. मास्तरांना ते परतीच्या गाडीत, अहमदपूर गेल्यावर सुचलं. अगदी चपखल सुचलं, पण ऐकायला शेजारी एक पेंगणारा म्हातारा तेवढा होता.

मग ऋतुजानं मागणं लहान केलं. "ठीक हाय मामा. लग्न करते मी. पण पुढं शिकू द्यायचं, एवढी अट सुपारीत घाला. सुपारी फुटायच्या आधी मामाला विचारतेतच."

हे खरं होतं. त्यांच्याकडं मुलीच्या मामाला विचारल्याशिवाय सुपारीवर अडकित्ता पडत नाही. दोन्हीकडची माणसं सतरंजीवर बसली, मधे ताटात सुपारी आली, आणि शिवमचे वडील ग्यानोबा हात जोडून म्हणाले, "हां, मामासाहेब. तुमचं काय म्हणणं? अट-बीट असंल तर आताच सांगा."

स्वयंपाकघराच्या दारात ऋतुजा उभी होती. मास्तरांना ती दिसत होती. "मुलीला शिकू द्या" ही सहा अक्षरं. साध्या गद्यात, ना गण ना यती. पण वीस माणसांचे डोळे लागले आणि मास्तरांची जीभ आपल्या जुन्या वाटेनं निघाली.

"त्याचं असं हाय, ग्यानोबाराव. रोप एका रानातून दुसऱ्या रानात न्यायचं तर नुसतं उपटून चालत न्हाई. मुळाला धरून मूठभर जुनी माती बी संगं न्यावी लागती. तरच ते जीव धरतंय."

माणसांनी माना डोलावल्या. ग्यानोबांना अर्थ कळला नाही असं समजू नका. पोरगी शिकते आहे, मामा मास्तर आहे, मूठभर माती म्हणजे काय हे त्यांना बरोबर समजलं. पण त्यांची हयात बागेत गेली होती, आणि बोलण्यात ते कुणाला हार जाणारे नव्हते.

"मास्तर, ते वांग्या-मिरचीच्या रोपाचं झालं. आमची हाय केळी. केळीचा कंद लावताना जुनी माती समदी झटकावी लागती, जुन्या मुळ्या बी छाटाव्या लागतेत. न्हाई तर जुन्या रानाची कीड नव्या रानात येती."

सतरंजीवर हशा पिकला. आणि त्या हशात मास्तरांच्या तोंडून, त्यांच्याही नकळत, मनापासूनची दाद निघून गेली.

"वा!"

दृष्टांताला असा दृष्टांत, तोही व्यवसायातला, जागेवरच सुचलेला. मास्तरांच्यातला रसिक मामाच्या आधी उठून उभा राहिला होता. मामा उठेपर्यंत अडकित्ता वाजला आणि सुपारी फुटली.

निघताना ऋतुजा चपलांपाशी आली. तिचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"मामा, दृष्टांत त्यांचा चांगलाच होता. पण तुमी 'वा' का म्हणलात?"

मास्तरांनी चपलेचा अंगठा नीट केला. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटल्यावर ते नेहमी करत तेच त्यांनी केलं. खाली मान घालून वाट धरली.

बोलणाऱ्याची अंबाडी विकते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, हे मास्तर पोरांना कितीदा सांगत. स्वतःच्या गव्हाचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

मे महिन्यात लग्नाचा बस्ता बांधायला सगळे नांदेडला गेले. दुकानात गादीवर शालूंचे ढीग पडले होते, आक्का आणि ग्यानोबांच्या घरच्या बायका रंगावर वाद घालत होत्या, आणि नेमका त्याच दिवशी दुपारी एक वाजता बारावीचा निकाल लागला. ऋतुजानं फोनवर नंबर टाकला. मराठीत शंभरपैकी चौऱ्याण्णव.

"लई भारी!" आक्का म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "बरं, ह्यो डाळिंबी घ्यावा का मोरपंखी?"

दुकानदारानं पेढे मागवले. ग्यानोबांनीही पेढा घेतला आणि सून हुशार आहे म्हणून चार गिऱ्हाइकांना सांगितलं. सगळे खूश होते. ऋतुजा उठून पायरीवर येऊन बसली. तिच्या मागोमाग मास्तर आले.

"मामा," ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "कॉलेजला जायचं मी म्हणत न्हाई आता. घरी राहून अभ्यास करते. नुसती परीक्षेला जाऊ द्या म्हणा. वर्षातले आठ-दहा दिवस. एवढं बी मागता येत न्हाई का हो आपल्याला?"

तिचं मागणं दर वेळी असं आटत चाललं होतं. बी.ए.पासून ती आठ-दहा दिवसांवर आली होती. आणि तेव्हाच त्यांना ते सुचलं.

"ऋतु, मंगलाष्टक मीच लिहिणार न्हाई का? त्यातच घालतो. समद्या मांडवासमोर, भोंग्यावर. सुपारीत ग्यानोबानं मला उत्तर दिलं. मंगलाष्टकाला कुणी उत्तर देतं का? हजार माणसांनी ऐकल्यावर त्यांना न्हाई म्हणताच येणार न्हाई."

ऋतुजानं दुकानाच्या दाराकडं पाहिलं. "मामा, त्यापरीस आत जाऊन साधं बोला ना. आता हायत ते समोर. पेढा खाऊन राहिले."

"बोलण्यात मी हरतो गं," मास्तर म्हणाले. "छंदात हरत न्हाई."

हे वाक्य त्यांनी एवढ्या खरेपणानं उच्चारलं की पोरीला त्यांची कीव आली. ती म्हणाली, "बरं."

लातूरला परतल्यावर मास्तरांनी पंधरा दिवस त्या एका ओळीवर घालवले. पाचवं मंगलाष्टक, त्याची चौथी ओळ. शेवटची ओळ कशी संपते हे आपल्याकडं कुणालाही झोपेत विचारा: कुर्यात् सदा मंगलम्. सात अक्षरं, डाव्या हाताची. ती सात मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा काढून टाकली. आधी त्यांनी त्या जागी कमळ घातलं, मग पहाट, मग वेल. एकेक करून सगळं खोडलं. उपमा नको, रूपक नको, दृष्टांत तर नकोच नको. शेवटी कागदावर उरलं ते असं:

आहे ही ऋतुजा अजून शिकते, द्यावे तिला शिक्षण.

हळदीच्या दिवशी सकाळी त्यांनी कागद तिच्या हातात दिला. अंगाला हळद लागलेली, मनगटात हिरवा चुडा. तिचा अंगठा पेरांवरून फिरला. पहिलं बोट, आहे ही. मधलं बोट, ऋतुजा. तिसऱ्या बोटावर अजून. करंगळीवर शिकते. एका बोटावर एक गोष्ट, मधेच तुटणारा शब्द नाही. मग डाव्या हातावर सात.

"बसलं मामा," ती म्हणाली. "आणि अलंकार एक बी न्हाई."

"एक बी न्हाई," मास्तर अभिमानानं म्हणाले. "आणि पुढल्या सातांचं वजन जुन्या सातांएवढंच. म्हणणाऱ्या स्वामींना चाल बदलायची गरज न्हाई."

त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. ते हसू पाहून मास्तरांना वाटलं, झालंच आपलं काम.

मंगलाष्टकं म्हणणार होते सिद्धलिंग स्वामी. गळा गोड, लोह्याच्या भागात त्यांच्याशिवाय लग्न लागत नसे. मास्तरांनी लिहायचं आणि स्वामींनी म्हणायचं हे कितीतरी वर्षं चाललेलं. मास्तरांनी त्यांना गाठलं तेव्हा ते पेटी जुळवत होते, आणि तीन पावलांवर दगडोबा मांडववाल्याशी बोलत होते. शेवटची ओळ वेगळी आहे, नीट बघून म्हणा, असं सांगायचं होतं. पण मग दगडोबांनी विचारलं असतं, काय वेगळी आहे?

"स्वामी," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "कागदावर हाय तसंच म्हणा."

"हाव मास्तर. तुमचं कधी बदललंय का मी?" स्वामींनी कागद न बघताच पेटीवर ठेवला.

मुहूर्त बारा एकेचाळीसचा होता. पण मांडवात पुढारी आले की मुहूर्त त्यांचा. आधी तालुक्याचे, मग जिल्ह्याचे, मग माजी. प्रत्येकाचा सत्कार, प्रत्येकाचं शुभेच्छांचं भाषण. ऊन पत्र्यातून खाली उतरायला लागलं, लेकरं रडायला लागली, बाया अक्षतांच्या ज्वारीनं मुलांना मारायला लागल्या. अखेर अडीच वाजता माइकवरून आवाज आला, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!"

मास्तर ऋतुजाला घेऊन आले आणि रीतीप्रमाणे तिच्या पाठीमागं उभे राहिले. पुढं अंतरपाट, पलीकडं शिवम. ऋतुजाच्या दोन्ही हातांत हार होता. तिनं मान किंचित वळवली. "मामा, शेवटचीच ना?"

"शेवटचीच. पाचव्यातली."

तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, "स्वामी, आवरा! जेवणं खोळंबली. पाच कशाला, दोनच म्हणा!" मांडव हसला. स्वामींनी पहिलं म्हटलं, तिथून थेट पाचव्यावर उडी घेतली. वाचलो, मास्तरांना वाटलं. पाचवं आलं, म्हणजे ती ओळ येणार. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओळीला वाजंत्रीवाल्यांनी सनया तोंडाला लावल्या, माणसांनी अक्षता मुठीत घट्ट धरल्या.

स्वामींनी चौथी ओळ उचलली. "आहे ही ऋतुजा अजून शिकते..." भोंग्यातून ती पार हमरस्त्यापर्यंत गेली असणार. हाराखाली ऋतुजाचा अंगठा पेरांवरून चालताना मास्तरांना तिच्या खांद्यावरून दिसत होता. करंगळीच्या शेवटच्या पेरावर तो थांबला. यती. स्वामींनी डोळे मिटून घेतले, छातीत श्वास भरला, आणि वीस वर्षांत हजार लग्नांतून जिभेवर बसलेली ती सात अक्षरं पूर्ण सुरात सोडली.

"...कुर्यात् सदा मंगलम्! शुभमंगल सावधान!"

वृत्त कुठंच अडखळलं नाही. वजन तेवढंच, चाल तीच. ज्वारीचा पाऊस पडला, वाजंत्री कडाडली, अंतरपाट खाली गेला. माइक मास्तरांपासून हातभर लांब होता. त्यांनी तिकडं पाहिलंसुद्धा. मग त्यांना दिसलं की आपलीही मूठ रिकामी झाली आहे; इतरांबरोबर त्यांनीही अक्षता टाकल्या होत्या.

गोंधळात ऋतुजा मागं वळली. अजूनही तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "मामा, स्वामी चुकले," ती घाईनं म्हणाली. "तुमची चूक न्हाई. पण आता तुमी सांगा. तोंडानं सांगा."

"सांगतो. पंगतीत सांगतो. व्याही संगंच बसतेत तवा."

व्याह्यांची पंगत चार वाजता बसली. एका ओळीत ग्यानोबा, दगडोबा, मास्तर. समोर नवरा-नवरी, त्यांच्यामागं बायका. ग्यानोबा खुशीत होते. बुंदीचा घास तोंडात असतानाच ते म्हणाले, "मास्तर, मंगलाष्टक काय झालं हो! आमच्या सुनेचं नाव आलं, शिकलेली हाय ते बी आलं. समद्या पाहुण्यांनी ऐकलं. तो कागद द्या मला. फ्रेम करून बैठकीत लावतो."

मास्तरांनी खिशातून कागद काढला. स्वामींच्या पेटीवरून त्यांनी तो आठवणीनं उचलून आणला होता. ग्यानोबांनी तो हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. "चष्मा गाडीत राहिला बघा. तुमीच वाचा. तिथं गडबडीत नीट ऐकू आलं न्हाई. ए, गप बसा रे, मास्तर वाचून राहिले!"

आणि पंगत गप्प झाली. दिवसभरात पहिल्यांदाच. वाढपी बादली घेऊन जागेवर थांबला. यापेक्षा सोपं देवानंही आणखी काय करून द्यावं? ओळ त्यांचीच, कागद त्यांच्या हातात, आणि ज्यांनी ऐकायला हवं तेच म्हणत होते, वाचा. अलंकारही सुचायला नको होता. जे लिहिलंय ते फक्त म्हणायचं होतं.

मास्तर वाचू लागले. पहिल्या ओळीला ग्यानोबांनी मान डोलावली. दुसरीत दोन्ही घरांच्या कुलदैवतांची नावं आली तेव्हा बायकांनी हात जोडले. तिसरी झाली. मास्तरांनी एकदा वर पाहिलं. समोर ऋतुजा ताटावर हात धरून बसली होती आणि तिचा अंगठा पहिल्या बोटाच्या पहिल्या पेरावर येऊन तयार होता.

"आहे ही ऋतुजा अजून शिकते..."

बारा. इथं थांबायचं असतं, आणि मास्तर थांबले. दगडोबांचा घास हातातच राहिला होता. आक्का पदराचं टोक चावत भावाकडं बघत होती. ग्यानोबा हसतमुखानं, कान पुढं करून, पुढचे शब्द येण्याची वाट बघत होते. कुणाच्या कपाळावर आठी नव्हती. कुणी "बोलू नका" असं म्हणत नव्हतं. पण ही ओळ म्हटली की हे हसू जाईल, घास खाली ठेवला जाईल, आक्का रडेल, आणि सगळे आपल्याकडं वळून विचारतील, मास्तर, याचा अर्थ काय? त्या सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यावं लागेल. कागदावरची सात अक्षरं त्यांना स्पष्ट दिसत होती.

"...कुर्यात् सदा मंगलम्," मास्तर म्हणाले.

"वा!" ग्यानोबांनी मांडीवर थाप मारली. "वा मास्तर, वा! द्या इकडं."

"चांगल्या अक्षरात लिहून देतो," मास्तर म्हणाले. त्यांनी कागदाची घडी केली, तिची पुन्हा घडी केली आणि ती आतल्या खिशात घातली. वाढपी पुढं सरकला. दगडोबांनी घास तोंडात टाकला.

ऋतुजाचा अंगठा करंगळीच्या शेवटच्या पेरावर तसाच होता. तिनं हळूच मूठ मिटली. मास्तरांना वाटलं ती रडेल, आणि ती रडावी असंही त्यांना वाटलं. तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं, वर्गात पाहायची तसं.

"वा, मामा," ती म्हणाली.

मग बायकांनी गलका केला, "नाव घे, नाव घे! चौऱ्याण्णव मार्क पडले, उखाणा तर झोकात झाला पाहिजे!" ऋतुजानं घास उचलला, "शिवम" एवढंच म्हणाली, मागंपुढं काही न जोडता, आणि तो घास त्याच्या तोंडात दिला.